तांड्यावरची तीज

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तिच्यातले सोने काळाप्रमाणे रूप पालटत आले, इतकेच. कधी ते पेठेतल्या सावकाराच्या तिजोरीत होते, कधी कापसाच्या जिनांत होते. आज ते बियाण्यांच्या पाकिटांत, पोलादाच्या सळयांत आणि मोसंबीच्या बागांत आहे. त्यामुळे जालन्याला जाणारा माणूस बहुधा व्यापारासाठी जातो, आणि जो व्यापारासाठी जात नाही तो देवासाठी जातो. राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी देवी, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब, ही ठिकाणे त्याच्यासाठी आहेतच. नाच पाहायला म्हणून जालन्याला निघालेला प्रवासी मात्र कोणाच्या ऐकिवात नसावा. मी तशी निघाले तेव्हा घरच्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि शेजारच्या काकूंनी येताना मोसंबी आणायला सांगून विषयच संपवला.

नाच ही सर्व कलांमध्ये मोठी निराधार कला आहे. चित्रकार जातो, पण चित्र भिंतीवर राहते. कवी जातो, पण वही राहते. नर्तक गेला की त्याच्याबरोबर नाचही उठून जातो. मागे उरतात ती घुंगरे आणि चार फोटो. आता चित्रफितींची सोय झाली आहे हे खरे. पण चित्रफितीत नाच दिसतो, अंगात येत नाही. पोहण्याची चित्रफीत पाहून विहिरीत उडी घेणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

तिकडे अमेरिकेत मर्स कनिंगहॅम नावाचा मोठा नर्तक होऊन गेला. आधुनिक नृत्याला नवे वळण देणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. १९५३ साली त्याने स्वतःचा संच उभा केला आणि जवळजवळ साठ वर्षे तो चालला. २००९ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, कनिंगहॅम वारला. पण जाण्यापूर्वी त्याने एखाद्या सावध गृहस्थाने मृत्युपत्र करावे तशी आपल्या नाचाची व्यवस्था लावली होती. संचाने दोन वर्षे जगभर अखेरचा दौरा करावा आणि मग संच मोडून टाकावा, असे ठरले होते. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कला शेवटचा प्रयोग झाला. त्याच्या नृत्यांची टिपणे, चित्रफिती, दिव्यांची आणि पोशाखांची माहिती, असे सारे बासन बांधून ठेवण्यात आले. मौज अशी की, एवढे करूनही भागत नाही. नव्या मुलांवर ते नृत्य बसवायचे झाले की जुन्या नर्तकालाच समोर उभे राहावे लागते.

आपल्याकडे पुण्याचे उदाहरण घ्या. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली तेथे ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायांत घुंगरू बांधणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या स्वतः लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षे शिकल्या. पश्चिमेत आधुनिक नृत्याची वाट पाडणाऱ्या इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणले, आणि कथक मात्र समोर बसून, ठेका धरून, एकेका मुलीच्या पायांत घातले. २००८ साली त्या गेल्या. त्यांच्या शिष्यांच्या शिष्या आज पुण्यात वर्ग चालवतात. म्हणजे पुस्तके लिहिणाऱ्या आणि लेखनाचे मोल जाणणाऱ्या बाईंनाही नाच द्यायचा तर तो अंगानेच द्यावा लागला.

न्यूयॉर्क झाले, पुणे झाले. तेथे संस्था आहेत, दप्तरे आहेत, शिकायला येणाऱ्या मुलींचे पालक शुल्क भरतात. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नाही त्यांचा नाच एका पिढीकडून दुसरीकडे कसा जातो, हे पाहावे असे बरेच दिवस मनात होते. जालना जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एक स्नेही आहेत. त्या मंठा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर वाढल्या. मी त्यांना हे बोलून दाखवले, तर त्या म्हणाल्या, “मग श्रावणात या. तांड्यावर तीज असते. पुस्तकं आणू नका, रेनकोट आणा.”

मुंबईहून रात्री निघणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसने मी निघाले. गाडीचे नाव माझ्या कामाला शुभशकुनासारखे होते. कारण नाचाबद्दल या देशात जे मोठे ग्रंथ झाले, त्यांतला एक या गाडीला नाव देणाऱ्या देवगिरीलाच लिहिला गेला. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. हा गृहस्थ सरकारी हिशेबठिशेब पाहत असे आणि उरलेल्या वेळात त्याने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचे सात अध्याय आहेत आणि सातवा अध्याय सगळाच्या सगळा नर्तनाचा आहे. मान कशी, भुवई कशी, पाऊल कसे, याची त्यात जमाखर्चाच्या वहीसारखी चोख नोंद आहे. गीत, वाद्य आणि नृत्य हे तिन्ही मिळून संगीत, ही व्याख्या आपण शाळेत घोकतो, तीही त्याच्या ग्रंथात आहे.

म्हणून जालन्याच्या अलीकडे साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला, मी एक दिवस उतरले. शहराबाहेरच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या थोरवीमुळे त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात डाव्या भिंतीवर एक नर्तकी आहे आणि तिच्याभोवती वाद्ये घेतलेल्या सहा स्त्रिया आहेत. साधारण सहाव्या शतकातले हे काम. सगळा संच बायकांचा. नाचणारीचे अंग एका बाजूला असे झुकले आहे की, पुढची मात्रा आता पडेल असे वाटून आपण क्षणभर थांबतो. ती चौदाशे वर्षे पडलेली नाही. दगडाने नाच राखला खरा, पण एकच क्षण राखला. त्याच्या आधीचे पाऊल कोणते आणि नंतरचे कोणते, हे ती बाई काही सांगत नाही.

त्याच शहरात १९९६ पासून ‘महागामी’ हे नृत्याचे गुरुकुल आहे. पार्वती दत्ता तेथे कथक आणि ओडिसी शिकवतात, आणि शार्ङ्गदेवाच्या नावाने तेथे समारोहही भरतो. ग्रंथ आहे, लेणी आहेत आणि रोज पहाटे उठणाऱ्या मुलीही आहेत, असा योग सहसा जुळत नाही. असे गुरुकुल पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते: विद्या पुढे जायला गुरू लागतो, शिष्य लागतो, पण त्या दोघांइकाच तिसरा एक जिन्नस लागतो, आणि तो म्हणजे दोघांनी एका ठिकाणी घालवलेला काळ. ही गोष्ट मी तेव्हा नुसती मनात नोंदवली. तिचा खरा अर्थ मला मंठ्याला कळायचा होता.

दुसऱ्या दिवशी जालन्याला पोहोचले. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर वसलेले हे गाव सकाळच्या वेळी मोठे लगबगीचे दिसते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तोवर हा भाग औरंगाबादचा आणि परतूरकडचा परभणीचा होता. त्याआधी, १९४८ पर्यंत, सारे निजामाच्या राज्यात. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून उर्दू शब्द सहज येतात. स्नेहीबाईंच्या घरी चहा झाला आणि त्यांच्या यजमानांच्या मोटारीतून आम्ही आधी उत्तरेला, भोकरदनकडे निघालो. तांड्यावर तीज संपायला अजून दोन दिवस होते.

राजूरच्या गणपतीला हात जोडून पुढे गेले की रस्ता कपाशीच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून जातो. श्रावणातली हिरवळ इतकी ताजी की हा दुष्काळाचा मुलूख आहे हे सांगूनही खरे वाटू नये. भोकरदन आज तालुक्याचे एक साधे गाव आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे ‘भोगवर्धन’ होते. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती सापडली. इतकीच गोष्ट असती तर ती पुरातत्त्वाच्या अहवालात पडून राहिली असती. पण १९३८ साली इटलीत पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या एका घरात, अशाच घडणीची एक मूर्ती मिळाली होती. तिची उंची जेमतेम २४ सेंटीमीटर. ती भारतातून गेली याविषयी शंका नाही, आणि ती भोकरदनच्याच कारागिरांच्या हातची असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

त्या मूर्तीचे छायाचित्र स्नेहीबाईंनी फोनवर काढून मला दाखवले. एक पाय दुसऱ्यावरून तिरपा, एक हात मानेमागे, आणि मनगटापासून वर कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. “आमच्या आजीचे हात असेच होते,” बाई म्हणाल्या. “पूर्वी हस्तिदंताच्या असायच्या. आता प्लॅस्टिकच्या आहेत, पण तितक्याच असतात.” दोन हजार वर्षांपूर्वीची ती कोण आणि बाईंची आजी कोण, यांचा काही संबंध जोडावा असे मी म्हणत नाही. तो जोडायला पुरावा नाही. पण एवढ्या बांगड्या घातलेला हात वर करायचा तर तो कसा करावा लागतो, हे त्या मूर्तीला आणि त्या आजीला सारखेच ठाऊक असणार.

पुढे अन्वा गाठले. तेथे बाराव्या शतकातले एक देखणे मंदिर आहे. आज आत महादेव आहे. पण बाहेरच्या भिंतीवर विष्णूची आयुधे हाती घेतलेल्या देवींच्या मूर्ती आहेत, आणि असे दुर्मीळ शिल्प पाहायला अभ्यासक लांबून येतात. नक्षीदार खांबांच्या मंडपात आम्ही बराच वेळ बसलो. बाहेर पावसाची सर आली होती. अशा मंडपांत एके काळी देवापुढे नाच होत असे. मंडप राहिला. नाचणाऱ्यांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत.

भोकरदनपासून असई गाव फार दूर नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि त्याने नेपोलियनला हरवले. शाळेच्या पुस्तकात ही लढाई असते. एक गोष्ट मात्र तेथे नसते. अशा फौजांना खायला धान्य कोण पुरवी? बंजारे पुरवीत. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे मुलखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. कोणत्याही बाजूची फौज असो, तांडा आला तरच चुली पेटत. मग पक्के रस्ते झाले, आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी आगगाडी या भागातून धावू लागली. बैलांच्या पाठीवरचा व्यापार संपला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. तो डाग कायद्यातून जायला १९५२ साल उजाडले. त्याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट तांड्यावर अजून अभिमानाने सांगतात. फिरणे थांबले, तांडे ठिकठिकाणी माळावर स्थिरावले. पण वस्तीला नाव ‘तांडा’ हेच राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे वळलो. तांडा मुख्य गावापासून थोडा लांब, माळावर होता. पत्र्याची आणि सिमेंटची घरे, मध्ये सेवालाल महाराजांचे मंदिर, त्यावर पांढरा झेंडा. नायकाच्या घरापुढे मांडवात छोट्या टोपल्या ओळीने ठेवल्या होत्या आणि त्यांत वीतभर उंचीचे पिवळसर हिरवे गव्हाचे रोप डोलत होते. हीच तीज. तांड्यातल्या कुमारिका नायकाची परवानगी घेऊन टोपल्यांत वारुळाची माती भरतात, भिजवलेला गहू पेरतात, आणि नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घालून भोवती फेर धरून नाचतात. रोप चांगले आले तर पीकपाणी चांगले आणि घर चांगले, अशी समजूत. शेवटच्या दिवशी तीज पाण्यात सोडतात, तेव्हा मुली रडतात. सासरी जायचे दिवस जवळ आल्याचे ते रडणे असते.

स्नेहीबाईंची चुलत आजी तांड्यात सर्वांत जुनी नाचणारी. तिला सारा तांडा ‘याडी’ म्हणतो. याडी म्हणजे आई. वय तिलाही ठाऊक नाही. सत्तरीच्या पुढे असावी. आरशांनी आणि कवड्यांनी मढवलेली कांचळी, घेरदार फेटिया, डोक्यावरून ओढणी, आणि दोन्ही हातांत कोपरावर जाणाऱ्या पांढऱ्या बांगड्या. मी वाकून नमस्कार केला तर तिने माझे मोकळे मनगट हातात धरून पाहिले आणि बाईंना त्यांच्या बोलीत काही विचारले. बाई हसून म्हणाल्या, “याडी विचारतेय, शहरात एवढी गरिबी आहे का?”

संध्याकाळी फेर सुरू झाला. वाद्य काही नव्हते. दोघी म्हाताऱ्या ओळ सांगत, बाकीच्या ती झेलत. कमरेत वाकायचे, एक पाऊल आत टाकायचे, टाळी द्यायची, मग अंग उचलून मागे सरायचे आणि थोडे उजवीकडे सरकायचे. बघायला सोपे दिसते. मी दोन फेऱ्यांतच दमले. आत वाकताना सगळ्यांची डोकी फुलाच्या पाकळ्या मिटाव्यात तशी जवळ येत आणि बाहेर सरताना फेटियांचे घेर एकदम फुलत. मी फेरात होते तेवीस बायामुली. त्यांतल्या बऱ्याच चाळिशी उलटलेल्या, तशा बऱ्याच बारा वर्षांच्या आतल्या. मधल्या वयाच्या अवघ्या चार.

फेरात एक गोष्ट पाहण्यासारखी होती. शाळेच्या गणवेशात आलेल्या दोन मुलींचे पाऊल बरोबर पडत होते, टाळी बरोबर पडत होती, तरी काहीतरी चुकत होते. याडीने फेर थांबवला, आत गेली, आणि जुन्या दोन फेटिया घेऊन आली. मुलींच्या कमरेला त्या बांधल्या आणि पुन्हा सुरू. दुसऱ्या फेरीतच त्या मुली निराळ्या दिसू लागल्या. फेटियाला वजन असते. शरीर थांबले तरी घेर थांबत नाही, तो अर्धी मात्रा पुढे जातो. त्याला सांभाळायला कंबर आपोआप मागे रेलते आणि पाऊल दबून पडते. शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात कमरेच्या हालचाली सांगितल्या आहेत. इथे ते ज्ञान कापडात शिवलेले होते, आणि आजीच्या पेटीतून नातीच्या कमरेवर येत होते.

रात्री भाकरी, मुगाची उसळ आणि ठेचा असे जेवण झाल्यावर गोष्टी निघाल्या. मी विचारले, “याडी, तुम्हाला नाच कोणी शिकवला?”

“शिकवला?” ती म्हणाली. “नाच का शिकवावा लागतो व्हय, माय? मायच्या मागं फिरलं की आला.”

स्नेहीबाईंनी दोन वर्षांमागे शाळेच्या स्नेहसंमेलनात तांड्यातल्या मुलींचा नाच बसवला होता. लाउडस्पीकरवर गाणे, चार मिनिटांचा वेळ, मुली दोन रांगांत. बक्षीस मिळाले. बाईंना त्याचे समाधान आहे, आणि का नसावे? पूर्वी ज्या पोशाखाला वर्गात हसत, त्या पोशाखाला टाळ्या मिळाल्या. याडीही तो पाहायला गेली होती. तिला तो कसा वाटला, हे विचारले तर ती जरा थांबली. “चांगला झाला,” ती म्हणाली. “पर समद्या पाव्हण्याकडं तोंड करून नाचत व्हत्या. मग एकमेकीकडं कोन बघायचं?”

बाई यावर काही बोलल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, “खरं आहे तिचं. पण मी नसता बसवला तर त्या मुलींनी तोही केला नसता.” दोघींचे म्हणणे खरे होते, आणि त्या दोघी एकमेकींवर रागावलेल्याही नव्हत्या.

“तीज तरी व्हती,” याडी पुढे सांगू लागली. “श्रावणात लेकरं घरी असत्यात. होळी गेली बघा आमची.” होळीला बंजाऱ्यांत लेंगी गातात आणि नाचतात. डफ वाजतो, थाळी वाजते, पुरुष नाचतात, बायका नाचतात, थट्टामस्करीला ऊत येतो. लेंगीची गाणी श्रावणात म्हणायची नसतात. ती होळीतच शिकायची. आणि होळीला तांड्यावर माणूसच नसते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि नवरा-बायकोची जोडी, जिला ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या फडावर जाते. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडल्याशिवाय परत येता येत नाही. पट्टा पडायला मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर होळी होऊन गेलेली असते. “होळीला तांड्यात म्हाताऱ्या, कुत्री अन् कुलपं,” याडी म्हणाली.

त्या घरात हा प्रश्न त्याच आठवड्यात उभा होता. याडीची नात सातवीत आहे. फेरात फेटिया बांधल्यावर जिचे पाऊल सर्वांत आधी दबून पडले ती हीच. तिचा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा. आईबाप दिवाळीनंतर फडावर जाणार. बाळाला कोपीवर सांभाळायला कोणीतरी हवे. गेली दोन वर्षे याडी बरोबर जात होती आणि नात शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहत होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून ही सोय केलेली असते. दोन वेळचे जेवण मिळते, वर्ग बुडत नाहीत. पण आता याडीच्या गुडघ्यांना कोपीचा गारठा सोसवत नाही. ती मागे राहिली तर बाळामागे नातीने जायचे, आणि शाळा सुटायची. एकदा फडावर गेलेली मुलगी पुन्हा वर्गात येणे किती अवघड, आणि दोन वर्षांत तिचे लग्न लागणे किती सोपे, हे बाईंना पक्के माहीत होते.

म्हणजे हिशेब असा होता. आजी फडावर गेली तर नात शिकणार, पण सहा महिने दोघींची गाठ नाही. नात फडावर गेली तर शाळाही गेली आणि गाठही गेली. तिसरा मार्ग एकच उरतो: आजी, नात आणि बाळ, तिघांनीही तांड्यावर राहायचे. वसतिगृहात शाळेची मुले घेतात, अडीच वर्षांचे पोर घेत नाहीत. पण याडीच्या चुलीपाशी त्याला जागा आहे. तसे झाले तर नात शाळेत जाईल, रात्री आजीजवळ असेल, आणि तांड्यावर मागे राहिलेल्या पोरींना जमवून याडी होळीला लेंगी म्हणेल. याला लागणारी किंमत मात्र ज्या बाईने द्यायची ती कोपऱ्यात भांडी घासत होती. सहा महिने तिने लेकराचे तोंड पाहायचे नाही.

मी तिला विचारायचे धाडस केले नाही. नवरा म्हणाला, “बघू.” याडी म्हणाली, “तिचं लेकरू हाय, तिनं सांगावं.” ती बाई भांडी घासून उठली, बाळाला पाळण्यातून घेतले आणि आत गेली.

सकाळी तीज पाण्यात सोडली. मुली डोक्यांवर टोपल्या घेऊन ओढ्याकडे निघाल्या. वाटेत गाणे थांबले नाही. परतताना आम्हाला मंठ्याच्या स्टँडवर जालन्याची एस. टी. मिळाली आणि शेजारच्या काकूंची मोसंबीही मी विसरले नाही. गाडीत बाई म्हणाल्या, “लोक म्हणतात, तांड्यावरच्या मुलींना आता नाचाची आवड राहिली नाही. तुम्ही पाहिलंत ना? आवड भरपूर आहे. महिने कमी पडतात.”

मला संभाजीनगरला मनात नोंदवलेली गोष्ट आठवली. कनिंगहॅमच्या नर्तकांना नाच पुढे द्यायला विश्वस्त निधी लागतो, पुण्याच्या आणि संभाजीनगरच्या मुलींना वर्ग लागतात. तांड्याला यांतले काही लागत नाही. त्याला आजी आणि नात एका घरात, एका होळीला लागतात. आणि ही साधी वस्तू साखरेच्या हंगामाइतकी महाग झाली आहे. आपल्या दिवाळीच्या करंज्यांत आणि लाडवांत जी साखर पडते ती अशाच फडांवरून येते, हे मी कोणाचे तोंड कडू करण्यासाठी लिहीत नाही. पण हिशेब मांडायला बसलो तर तो अर्धा मांडून कसे चालेल?

नवरात्रानंतर बाईंचा फोन आला. बाळाच्या आईने आपणहून सांगितले होते, “संक्रांतीपर्यंत ठेवते. त्याला ताप आला तर लगेच कळवा.” संक्रांतीनंतर काय, ते तेव्हा बघायचे ठरले आहे. याडीने डफ उतरवून ठेवला आहे. त्याचे कातडे सैल पडले आहे, ते नवे घालून आणायचे आहे. नातीने लेंगीची गाणी लिहून घ्यायला वही आणली होती. याडीने ती बाजूला ठेवायला लावली. “आधी म्हन,” ती म्हणाली. “लिहायचं मग.”

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीचे दिवे अजून विझलेले नसतील, आणि माळावर त्या तांड्याच्या तोंडाशी मुकादमाचा ट्रक येऊन उभा राहील. कोयते, भांडी, पत्र्याच्या पेट्या, ताडपत्री, सारे चढेल. या वर्षी खाली तिघेजण राहतील. होळी मार्चमध्ये आहे.